काळ्या मातीसाठी मोटारसायकल

पूर्णेच्या खोऱ्यात मृगाचे दोन जोरदार पाऊस पडले की साध्या मोटारसायकलचा सगळ्यात कच्चा भाग उघडा पडतो. तो भाग म्हणजे पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर फट. काळी माती भिजली की फुगते, टायरला चिकटून वर येते आणि त्या फटीत थापली जाते. शे-दीडशे पावलांत चाक फिरायचे थांबते. इंजिन चालू असते, गिअर पडलेला असतो, टायरही बरा असतो, तरी गाडी जागची हलत नाही. मग काडीने चिखल उकरायचा, थोडे पुढे जायचे आणि पुन्हा उकरायचा. म्हणून पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढून ठेवणारे शेतकरी गावोगाव आहेत. पान्याच्या चार फेऱ्यांत होणाऱ्या या कामाला ‘ऑफ-रोड गाडी बांधणे’ असे कुणी म्हणत नाही. माझ्या मते मोजणी तिथूनच सुरू व्हायला हवी. बुलढाणा जिल्ह्यात घरच्या घरी चिखलाची आणि माळाची गाडी बांधायची असेल, तर ती वजन काढून, फट वाढवून आणि स्प्रॉकेटच्या दात्यांचा हिशेब बदलून बांधावी. चेसी, हँडलची बैठक आणि ब्रेक यांना हात लावू नये. कायद्यानेही बऱ्या आणि वाईट बदलांमधली रेषा तिथेच ओढावी, कारण धोका तिथे सुरू होतो.

‘ऑफ-रोड’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर वाळवंट किंवा हिमालय येतो. बुलढाण्यातला बिनरस्ता यांहून वेगळा आहे, आणि तोही एकसारखा नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या सखल भागात खारपाण पट्ट्याची खोल काळी जमीन आहे. तिथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन पाय ओढून घेते. घाट चढून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारच्या पठारावर आले की मुरूम, उथळ माती आणि मधूनच डोके वर काढणारा काळा पाषाण लागतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापासून वर भिंगारा, चाळीस टापरी, गोमाल या आदिवासी वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा दगडगोट्यांच्या आणि नाल्यांच्या आहेत. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागल्याच्या बातम्या या डोंगरातून एकविसाव्या शतकातही आल्या आहेत. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. गावापासून शेतापर्यंतची पांदण ही शेतकऱ्याची रोजची वाट आहे. ती पक्की करण्यासाठी सरकारला नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणावी लागली, यावरूनच ती पावसाळ्यात कशी असते हे लक्षात यावे. तेव्हा इथे घरी गाडी बदलणाऱ्या माणसाला केवळ हौशी म्हणणे अपुरे आहे. खताचे पोते, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप आणि मागे बसलेला माणूस घेऊन शेतात पोचायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, ही त्याची गरज आहे.

ही गरज कारखान्यांच्या आधी नेहमी गॅरेजने ओळखली आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइझी गावी, हर्ब उल नावाचा विक्रेता होंडाची ५० सीसीची छोटी गाडी विकत असे. गाव डोंगराळ होते आणि गिऱ्हाइके शिकारी नि मासेमारी करणारी. उलने मागच्या चाकाला मोठे स्प्रॉकेट बसवले, जाड बटणांचे टायर चढवले आणि अनावश्यक पत्रे काढून टाकले. त्याची विक्री इतकी वाढली की होंडा कंपनीने चौकशी केली आणि १९६१ च्या सुमारास तोच नमुना ‘ट्रेल ५०’ म्हणून कारखान्यातून बाहेर आणला. त्या गाडीला मागे दोन स्प्रॉकेट होती, एक रस्त्यासाठी आणि एक डोंगरासाठी. इंजिन मात्र तेच लहानसे राहिले. पुढे याच घराण्यातल्या गाड्या ऑस्ट्रेलियातल्या टपालवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे राबवल्या. ताकद न वाढवता केवळ दाते आणि टायर बदलून गाडी डोंगर चढू लागते, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही. आपल्याकडे गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांनी बुलेटचे मागचे चाक काढून तिथे अवजारांची दांडी आणि दोन चाके जोडली. ‘बुलेट सांती’ या नावाने ते यंत्र देशभर गाजले आणि त्याला पेटंटही मिळाले. विदर्भात तर मोटारसायकलमागे डवरा बांधून सोयाबीन-कपाशीची डवरणी करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. बैलजोडी सांभाळणे परवडेना आणि मजूर मिळेना, तेव्हा शेतकऱ्याने घरात असलेले इंजिन कामाला लावले.

डवरणीच्या या प्रयोगातच घरी गाडी बांधणाऱ्याचा पहिला धडा आहे. शंभर सीसीचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, ओढ देत तासभर चालवले की त्याला वारा मिळत नाही, तेल पातळ होते आणि क्लच अर्धवट दाबून चालवल्याने प्लेटा जळतात. पांदणीतल्या चिखलातही हेच घडते. यावर मोठे इंजिन बसवण्याचा उपाय सुचतो, पण योग्य उपाय म्हणजे चाकापर्यंत पोचणारी ओढ वाढवणे. मागचे स्प्रॉकेट ४२ दात्यांचे असेल आणि तिथे ४८ दात्यांचे बसवले, तर त्याच इंजिनाची चाकावरची ओढ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. बदल्यात ताशी ८० च्या वेगाला इंजिन जेवढे फेरे घेत होते तेवढे आता ७० लाच घेईल. पांदणीत ८० ने कुणी जात नाही, त्यामुळे हा सौदा फायद्याचा आहे. अडचण वेगळीच येते. मोठे स्प्रॉकेट चेनच्या बंद झाकणात मावत नाही, चेनही लांब लागते, आणि झाकण काढले की चिखल-रेती चेनवर बसून ती एका हंगामात झिजते. प्रवासी गाडीचे ते बंद झाकण दिसायला जुनाट असेल, पण काळ्या मातीत त्याच्यासारखा रक्षक नाही. म्हणून आपल्याकडे पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी करणे अधिक शहाणपणाचे ठरते. १४ चे १३ केले की ओढ साडेसात टक्क्यांहून थोडी जास्त वाढते, झाकण जागेवर राहते, आणि रस्त्यावर परतायचे असेल तेव्हा अर्ध्या तासात जुने स्प्रॉकेट लावता येते. चेन लहान वळणावरून फिरत असल्याने ती थोडी लवकर झिजेल, तेवढा खर्च सोसावा.

टायरबाबत बाजारात एकच उत्तर मिळते: बटण टायर लावा. ते अर्धेच खरे आहे. बटणे दाट असतील तर काळी माती त्यांच्या मधल्या जागा भरून टाकते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. खारपाण पट्ट्यात बटणे विरळ आणि उंच हवीत, म्हणजे चाक फिरता फिरता चिखल झटकला जातो. पुढचे चाक अरुंदच बरे, कारण ते चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते, रुंद टायर वरच्या वर तरंगून घसरतो. पठारावरच्या मुरमात आणि सातपुड्यातल्या दगडांवर हिशेब उलटतो. तिथे दाट बटणांचा, जाड कडांचा टायर टिकतो आणि विरळ बटणे मुळापासून उपटतात. हवेचेही तसेच आहे. चिखलात हवा पंधरा-अठरा पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरून पकड घेतो, पण त्याच हवेवर दगड लागला तर ट्यूब रिमला चेमटून दोन ठिकाणी फाटते. शिवाय हवा फार कमी झाली की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उखडून येतो. भर म्हणून नाल्यानाल्यांत माजलेल्या वेड्या बाभळीचे काटे आहेतच. आऱ्यांच्या चाकाला ट्यूब लागते, त्यामुळे एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप हा या गाडीचा भाग समजावा. मॅग व्हील ट्यूबलेस टायरला सोयीचे असते, मात्र दगडावर आपटून त्याला तडा गेला की ते सरळ करता येत नाही. आऱ्यांचे चाक गावातला सायकलवालाही खेचून सरळ करतो, आणि गावात दुरुस्त होणे हा या गाडीचा पहिला गुण असायला हवा. म्हणून नदीकाठच्या आणि डोंगरातल्या, दोन्ही गाड्यांना एकच नमुना सांगणारा सल्ला मला विश्वासार्ह वाटत नाही.

आता पाळी येते उंचीची, आणि घरी बांधलेल्या बहुतेक गाड्या इथेच बिघडतात. गाडी उंच दिसावी म्हणून मागे लांब शॉकअप बसवले जातात. मागची बाजू चार सेंटिमीटर उचलली, तर सव्वा मीटरच्या आसपास चाकांतर असलेल्या गाडीचे डोके जवळजवळ दोन अंशांनी पुढे झुकते. ऐकायला दोन अंश क्षुल्लक वाटतात. पण हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधले अंतर गाडीला सरळ ठेवते. साधारण आठ-दहा सेंटिमीटरचे ते अंतर या झुकण्याने सुमारे एक सेंटिमीटरने घटते. डांबरी उतारावर हँडल हलके आणि चंचल लागते ते यामुळे, आणि राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात ते जिवावर बेतू शकते. शिवाय मागचे चाक धरणारा चिमटा जास्त खाली लोंबला की चेन त्याच्या मुळाशी घासते, ब्रेकची दांडी तोकडी पडते आणि साइड स्टँड पुरत नाही. कारखान्यालाही हे टळलेले नाही. हिरोने २०२० मध्ये एक्सपल्स २०० साठी रॅली किट विकायला काढले, तेव्हा त्यात पुढचे-मागचे लांब शॉकअप तर होतेच, पण सीट, हँडल उंच करणारे तुकडे, लांब गिअर लिव्हर, लांब साइड स्टँड आणि वेगळे टायरही होते. एक गोष्ट बदलली की पाच बदलाव्या लागतात, हे त्या किटवरून कळते. घरी मात्र पहिलीच बदलून थांबले जाते.

चेसी कापण्याबद्दल तर मी ठाम आहे. मोटारसायकलच्या चेसीचा पाइप पातळ असतो. शेतीची अवजारे जोडणाऱ्या साध्या रॉड-वेल्डिंगने तो जोडला की जोड स्वतः भक्कम दिसतो, पण जोडाच्या कडेला तापून बदललेले पोलाद हादऱ्यांनी हळूहळू थकते. तडा पडतो तो जोडाशेजारच्या रंगाखाली, महिन्यांनंतर. यावर उत्तर मिळेल की जगातल्या उत्तम ऑफ-रोड चेसी शेडमध्येच बनल्या. खरे आहे. इंग्लंडमधल्या डेरेक आणि डॉन रिकमन या बंधूंनी १९५९-६० च्या सुमारास ‘मेटिस’ नावाची गाडी बांधली, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ संकर. इंजिन एका कंपनीचे, भाग अनेकांचे, आणि चेसी पुढे त्यांची स्वतःची. पण रिकमन बंधू शर्यतीतले मुरलेले खेळाडू होते. त्यांच्या हाती उत्तम प्रतीचे पाइप होते, पाइप मोजून घट्ट धरणारा साचा होता आणि कमी उष्णतेत सांधण्याची पद्धत होती. खामगाव किंवा चिखलीच्या वेल्डिंग दुकानातला कारागीर हाताने कमी आहे असे मुळीच नाही. त्याच्याकडे नाहीत ते साचा आणि तपासणी, आणि ही दोन नसताना चेसीला हात घालण्याची जोखीम त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

इंजिन बदलण्याचा मोह थोडक्यात निकालात काढता येतो. शंभर सीसीच्या चेसीत दीडशेचे इंजिन बसवले की पुढचा भार वाढतो, धरणारे पत्रे नव्याने जोडावे लागतात, ब्रेक जुनेच राहतात आणि नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक खोटा ठरतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर इंधन संगणकच सोडतो, तेव्हा जेट बदलून ताकद काढण्याचे गॅरेजातले कसब तिथे चालत नाही. घरी बांधायची गाडी अजून काही वर्षे तरी कार्बोरेटरच्या जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीवरच उभी राहील. तिचे सुटे भाग तालुक्याला सोडाच, मोठ्या गावच्या बाजारातही मिळतात.

एक रास्त आक्षेप असा की आता कारखान्यातून तयार गाड्या मिळत असताना हा खटाटोप कशाला? एक्सपल्स २०० मे २०१९ मध्ये लाखाच्या आत आली, २१ इंची पुढचे चाक आणि जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत २२० मिलिमीटर उंची घेऊन. भारतीय बाजारातली ती मोठी घटना होती, आणि ज्याला परवडते त्याने ती घ्यावी. पण २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या तिच्या २१० सीसीच्या धाकट्या बहिणीची किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दोन्ही गाड्या दीडशे किलोंच्या वरच्या. स्प्लेंडर सुमारे ११० किलोंची आहे. चिखलात गाडी पडणार हे धरूनच चालायचे असते, आणि एकट्या माणसाने, रबरी बूट घसरत असताना, पोत्यासकट ती उभी करायची म्हटले की हा चाळीस-पन्नास किलोंचा फरक इतर सगळ्या तपशिलांना मागे टाकतो. शिवाय ८२३ मिलिमीटर उंचीच्या सीटवरून चिखलात दोन्ही पाय टेकवणे सव्वापाच-साडेपाच फुटांच्या माणसाला अवघड जाते. तयार गाडी डोंगराच्या प्रवासाला उत्तम आहे, पांदणीला हलकी गाडी हवी.

सगळ्यात वजनदार आक्षेप कायद्याचा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे वाचली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. नुसते काढून टाकणेही मोकळे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवण्याची जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून आडोसा मागतो. म्हणून वजन घटवण्याच्या नादात साडीगार्ड उतरवणे चूक आहे, आणि ते केवळ नियमासाठी नव्हे. या गाडीवर आई, बहीण, मजूर बाई बसणार असते. आरसे, दिवे, इंडिकेटर आणि मूळ सायलेन्सर यांचेही तेच. गाडी फक्त स्वतःच्या शेताच्या बांधाआत फिरवणार असे म्हणणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की पांदण ही लोकांना वहिवाटीचा हक्क असलेली सार्वजनिक जागा आहे. तिथे नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात, आणि न कळवलेले बदल अपघातानंतर विम्याच्या वादाचे कारण होतात.

तरीही या कायद्याची रेषा चुकीच्या जागी आहे असे मला वाटते. कर्कश सायलेन्सर, कापलेली चेसी आणि एक दाता कमी केलेले स्प्रॉकेट यांना वेगळे ओळखण्याची सोपी, स्थानिक सोय त्यात नाही. उत्पादकाला नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकाच गाडीसाठी तो मार्ग कुणाला परवडणार? सुरक्षेसाठी सर्व बदल बंदच हवेत, या म्हणण्याला उत्तर आपल्याच नियमांत आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीला बाजूची चाके जोडण्यासारखे बदल २०१९ च्या दुरुस्तीने मान्य केले. मंजूर किट बसवून इंधन बदलायला परवानगी आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळी ‘व्हीए’ मालिका आली, आणि त्यांचा रोजचा वापर मर्यादित ठेवून त्यांना जगू दिले. म्हणजे वेगळ्या गरजेसाठी वेगळा वर्ग करणे शासनाला अशक्य नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका मोटारसायकलची तपासणी करून तिला रस्त्यावर आणण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेत २००७ पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः पाइप वाकवून, सांधून बिनरस्त्याची गाडी बांधतात. त्यांच्या वेल्डिंगचे नमुने तोडून पाहिले जातात आणि तपासणीत उतरल्याशिवाय गाडी मैदानात जात नाही. हातांनी बांधलेली गाडी तपासता येते, हे या देशात दरवर्षी दिसते.

जंगलाबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वले आणि बिबटे आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे पोचला होता. अंबाबरवा अभयारण्य मेळघाटला जोडलेले आहे, लोणारचे विवर २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. या जागा बटण टायरच्या कसोटीची मैदाने नव्हेत, आणि वेगळ्या वर्गाची मागणी करणाऱ्याने ही बंदी त्यात पहिल्या ओळीत लिहून द्यावी. मोकळ्या चढउतारांची हौस असलेल्यांनी बंद मैदानातल्या, मान्यताप्राप्त स्पर्धांकडे वळावे.

तर मागणी अशी: शेतवापराच्या दुचाकीसाठी एक मर्यादित नोंदणी. चेसी, चिमटा, हँडलची बैठक, ब्रेक, इंजिन क्रमांक आणि सायलेन्सर मूळचे असावेत. स्प्रॉकेट, टायर, उंच मडगार्ड, इंजिनखालचा पत्रा आणि सामानाचा कॅरिअर यांना नोंद करून मुभा असावी. वेगाला मर्यादा, महामार्गाला आणि वनक्षेत्राला मनाई. तपासायच्या गोष्टी इन मिन दहा-बारा आहेत. एमएच-२८ चे, म्हणजे बुलढाण्याचे, मोटार वाहन निरीक्षक लायसन्ससाठी तालुक्याला कॅम्प लावतात, तिथे एका गाडीला अर्धा तास पुरेल. वेल्डिंगची शंका आली तर शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तालुक्यांतल्या आयटीआय जिल्ह्यातच आहेत. पहिला कॅम्प मे महिन्यात, पेरणीच्या आधी, जळगाव जामोदला लागला पाहिजे. जूनमध्ये भिंगाऱ्याच्या वाटेवरून कुणालाही गाडी घेऊन तपासणीला खाली उतरता येणार नाही.